टेकणं आणि पोचणं

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका घरात जेवणाच्या टेबलावर दोनशे पानी आखीव वही उघडी असते. पहिल्या पानावर निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात इटलीतले अकरा दिवस मांडलेले असतात. पहिली ओळ अशी : दुपारी १.२० रोम, ३ वाजता कलोसियम, ५ वाजता फोरम, ६.३० त्रेवी कारंजं, ८ वाजता जेवण. लिहिणाऱ्या बाईंनी बत्तीस वर्षं बँकेत काढलेली, ताळेबंद जुळल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही हा शिरस्ता. पानावरचा हिशेब त्यांच्या मते पक्का जुळलेला होता.

भाचा तीन वर्षांपासून तुरिनमध्ये शिकायला. व्हिडिओ कॉलवर मावशीनं ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यानं ते वाचलं, थोडा वेळ काही बोलला नाही आणि मग विचारलं, "मावशी, विमान एक वीसला टेकेल. तू कधी पोचशील?"

"अरे, म्हणजे तेव्हाच ना?"

पण तेव्हाच नाही. मराठीत या गोष्टीला वेगवेगळे शब्द आहेत ते उगीच नाहीत. विमान टेकतं. माणूस उतरतो. सामान येतं. मग कुठं तरी बूड टेकतं, घोटभर पाणी पोटात जातं, पायांतली वळवळ थांबते आणि मग केव्हा तरी माणूस पोचतो. रात्री उशिरा येणाऱ्या फोनवर घरचे 'पोचलीस का गं?' विचारतात, तेव्हा त्यांना यातलं सगळ्यात शेवटचं ऐकायचं असतं. तिकिटावर मात्र सगळ्यात पहिलं छापलेलं असतं, आणि प्रवासाचं वेळापत्रक बहुतेक वेळा तिकीट समोर ठेवून केलं जातं.

भाच्यानं मावशीला मागं नेलं, रोमच्या अलीकडं. नाशिकहून रात्री आठला निघायचं, कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईचा विमानतळ गाठायचा, पहाटे चारचं विमान. आखातात कुठं तरी उतरून दुसरं विमान धरायचं. रोमला एक वीस वाजतील तेव्हा नाशकात चार पन्नास झालेले असतील, कारण मे महिन्यात दोन्हींमध्ये साडेतीन तासांचं अंतर असतं आणि हिवाळ्यात साडेचार. म्हणजे घराला कुलूप लावल्याला वीस तास पन्नास मिनिटं. त्यात झोप किती, तर मान एका बाजूला टाकून घेतलेले दोन-तीन तुकडे. मावशीसोबत जाणाऱ्या काकांचं वय एकाहत्तर. त्यांना अशा अवस्थेत कलोसियमच्या दगडी पायऱ्यांवर नेऊन उभं करायचं, तेही नावानिशी आणि वेळेनिशी काढलेलं तिकीट हातात धरून, ज्याची वेळ चुकली तर ते तिकीट गेलंच समजायचं.

मावशीनं पेन उचललं आणि बँकेत करत असे तसं समासात लिहायला घेतलं.

रोमचा मोठा विमानतळ रोममध्ये नाही. तो फ्युमिचिनोला, समुद्राच्या बाजूला, शहराच्या मध्यापासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. लिओनार्दो दा विंचीचं नाव असलेला हा विमानतळ १९६१ साली रीतसर सुरू झाला. विमान टेकल्यावर दार उघडणं, मग लांबलचक मार्गिका, मग पासपोर्टची रांग. युरोपच्या शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या प्रवाशांची ये-जा संगणकात नोंदवायला सुरुवात झाली. पूर्वी पासपोर्टवर शिक्का बसे, आता चेहऱ्याचा फोटो आणि नोंद. या रांगेला कधी वीस मिनिटं पुरतात, कधी तास जातो, आणि आधीच्या अर्ध्या तासात किती विमानं उतरली यावर ते ठरतं. तो तास धरूनच चालावं.

आखातातून येणाऱ्याची ही रांग रोमलाच लागते. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकवरून येणाऱ्याची तिथंच लागते, कारण शेंगेनच्या पहिल्या दारातच तपासणी होते आणि पुढचं विमान मग घरातल्या घरात फिरल्यासारखं असतं. फ्रँकफर्टला विमान बदलायला सव्वा तास आहे म्हणून खूश होणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की त्या सव्वा तासात एका अख्ख्या खंडाचा उंबरठा ओलांडायचा आहे. स्वस्त तिकिटाच्या मोहात आपण नेमका हाच वेळ विकतो, आणि तो परत विकत मिळत नाही.

सामानाबद्दल एक गोष्ट मावशीला ठाऊक नव्हती. दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ युरोपीय संघाच्या बाहेरून वैयक्तिक सामानातही आणता येत नाहीत. घरचं कणीदार तूप काकांना भातावर लागतंच, म्हणून तिनं लहान बरणी काढून ठेवली होती. ती बरणी पुन्हा फडताळात गेली. दशम्या दुधात भिजवण्याऐवजी तेला-पाण्यात भिजवायच्या ठरल्या. हा बदल छोटा दिसतो, पण पहिल्या दिवसाच्या नियोजनात विमानतळावर उपाशी उभं राहायचं नाही ही गोष्ट कलोसियमच्या वर येते.

विमानतळावरून शहरात जायचे तीन सरळ मार्ग. लिओनार्दो एक्स्प्रेस ही गाडी मध्ये कुठंही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला नेते, तिकीट १४ युरो. दुसरी साधी लोकल, ८ युरो. ती त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना अशी थांबत जाते, पण तेर्मिनीला जात नाही. स्वस्त म्हणून हिच्यात बसणारे आणि तेर्मिनीची वाट पाहत राहणारे रोज कुणी ना कुणी असतातच. लोकल वाईट मुळीच नाही. मुक्काम त्रास्तेवेरेकडं असेल तर तीच उत्तम. गाडी कुठली हे विमानतळावर नव्हे, हॉटेल ठरवताना ठरतं.

तिसरा मार्ग टॅक्सी, आणि तिच्यात रोमचं सगळं रोमपण आहे. फ्युमिचिनोहून शहरात जायला टॅक्सीचं भाडं पालिकेनं ठरवून दिलेलं आहे : आधी ५० युरो होतं, मग ५५ झालं, बॅगांसकट, माणशी नव्हे तर गाडीमागं. पण कुठपर्यंत? तर ऑरेलियन भिंतीच्या आतपर्यंत. सम्राट ऑरेलियननं इ. स. २७१ मध्ये उत्तरेकडच्या टोळ्यांच्या भीतीनं बांधायला घेतलेली ही सुमारे एकोणीस किलोमीटरची तटबंदी. ज्यांच्यासाठी ती बांधली ते हल्लेखोर इतिहासजमा झाले, साम्राज्य गेलं, आणि आज तिच्या आत उतरणाऱ्याला एक दर, बाहेर उतरणाऱ्याला दुसरा. नाशिकहून आलेल्या दोन माणसांच्या खिशावर साडेसतराशे वर्षांपूर्वीच्या विटांचा परिणाम होतो. व्हॅटिकनजवळचा बराचसा भाग या भिंतीबाहेर येतो, तेव्हा तिकडं खोली घेतली असेल तर टॅक्सीत बसण्याआधी भाडं विचारून घ्यावं. रांगेतली पांढरी, परवानाधारक गाडीच घ्यावी. दारातच 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत गाठणाऱ्यांच्या मागं जाऊ नये.

काकांना टॅक्सी हवी होती आणि मावशीला गाडी. भाच्यानं त्या एका दिवसापुरता काकांना कौल दिला. "उद्यापासून हवी तेवढी पैशांची काटकसर करा. पहिल्या दिवशी मात्र काटकसर अंगातल्या ताकदीची." वहीच्या समासात हे वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं आहे.

गाडीनं जाणाऱ्यानं मात्र एक सवय अंगी बाणवावी. कागदी तिकीट घेतलं की फलाटाच्या तोंडाशी भिंतीवर किंवा खांबावर एक लहानसं यंत्र असतं, त्याच्या फटीत तिकीट सरकवायचं. आतून टक् असा आवाज येतो आणि तारीख-वेळ उमटते. हा ठसा नसला तर पैसे भरूनही तिकीट वापरात आलेलं धरत नाहीत आणि दंड होतो. वीस तास जागलेल्या माणसाला ते यंत्र डोळ्यांसमोर असून दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांना विचारायचं : ठसा मारला का?

आणि तेर्मिनी. हा शब्द ऐकून कुणालाही वाटावं की गाडी संपते म्हणून टर्मिनस, आपल्या सीएसएमटीसारखं. नाव आलंय ते थर्मे या शब्दावरून, म्हणजे स्नानगृहं. सम्राट डायोक्लीशियननं बांधलेली प्रचंड स्नानगृहं स्टेशनासमोरच उभी आहेत. लांबून आलेल्या माणसानं आधी अंग धुवावं, मग गावात शिरावं, असं हे नाव सुचवतं. नावाचा उगम तसा नाही, पण वीस तास प्रवास केलेल्या अंगाला तो अर्थ बरोबर लागू पडतो.

रोममध्ये पोचण्याचा हा खटाटोप विमानांनी सुरू केलेला नाही. जर्मन कवी गटे १७८६ च्या सप्टेंबरात कार्ल्सबादहून जवळजवळ पळत निघाला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस रोमला आला. रोमची ओढ इतकी की वाटेतल्या फ्लॉरेन्सला त्यानं दिले तीन तास! त्या काळी उत्तरेकडून येणारा प्रवासी पोर्ता देल पोपोलो या वेशीतून आत शिरे. आत शिरला की मोकळा असं नव्हतं. पेट्या घेऊन बग्ग्या पियात्सा दी पिएत्रामधल्या जकातघरात जात. सम्राट हेड्रियनच्या मंदिराचे अकरा खांब भिंतीत घेऊन उभं असलेलं ते पोपचं जकातघर. तिथं सामान उघडून पाहत, पुस्तकंही चाळली जात. मग कुठं स्पॅनिश चौकाच्या आसपासच्या खानावळींमध्ये खोली शोधायची. महिनेच्या महिने प्रवास करून आलेल्या त्या माणसांचाही पहिला दिवस पेटी, कागद आणि खोली यांतच जाई, आणि त्यातल्या कुणी तो दिवस वाया गेला म्हणून हळहळ केली असेल असं वाटत नाही.

ई. एम. फॉर्स्टरची १९०८ सालची 'अ रूम विथ अ व्ह्यू' ही कादंबरी पोचण्याच्या दिवसापासूनच सुरू होते. फ्लॉरेन्सच्या एका निवासात इंग्लंडहून आलेल्या दोघीजणी, कबूल केलेल्या खोल्या नदीकडच्या, मिळालेल्या मागच्या अंगणाकडच्या. पुढचं सगळं नाट्य त्या खोलीच्या अदलाबदलीतून निघतं. पोचलेल्या माणसाच्या मनात खोलीला किती मोठी जागा असते, हे त्या लेखकानं बरोबर जाणलं होतं.

आणखी एक पोचणं आहे, आणि ते मराठी आहे. दुसऱ्या महायुद्धात आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेतल्या तारांतो बंदरात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. कोकणातली, घाटावरची पोरं, पाठीवर बोजा, पुढं पाऊस आणि चिखल. त्यांच्या पहिल्या दिवसाचं वेळापत्रक दुसऱ्याच कुणी आखलेलं होतं. मराठ्यांच्याच आणखी एका पलटणीतले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. उंब्रियातल्या मोन्तोने या गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. रोमच्या मधून वाहणारी ती हीच तिबेर. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा काकांनी वही पुढं ओढून घेतली आणि सातव्या दिवसाखाली, फ्लॉरेन्स आणि रोमच्या मध्ये, स्वतःच्या हातानं 'मोन्तोने' लिहिलं. त्या वहीतलं काकांचं अक्षर तेवढंच.

हॉटेलची वेळ हा आणखी एक मुद्दा. इटलीत खोली बहुधा दुपारी दोन किंवा तीनला ताब्यात मिळते. मावशीचं विमान दुपारचं, म्हणून तिला हा प्रश्न नव्हता. सकाळी सातला उतरणाऱ्याला असतो. तो साडेनऊला दारात उभा असतो आणि खोलीत आदल्या रात्रीचा पाहुणा दात घासत असतो. बॅगा ठेवून घेतात, हसून ठेवून घेतात, पण अंग टाकायला जागा पाच तासांनी. अशा वेळी आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली राखून ठेवणं उधळपट्टी नव्हे, निदान म्हाताऱ्यांसाठी आणि लेकरांसाठी तरी नव्हे.

दारात पासपोर्ट मागतात, त्यानं दचकू नये. पाहुण्याची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांकडं गेलीच पाहिजे असा तिथला कायदा आहे आणि तो मुळात १९३१ सालचा. शिवाय शहराचा मुक्काम-कर, माणशी, दर रात्रीचा, बऱ्याच ठिकाणी वेगळा आणि तिथंच द्यावा लागतो. सुटे युरो वरच्या खिशात असलेले बरे.

व्हेनिसला पहिला दिवस असेल तर हे सगळं आणखी कठीण होतं. मार्को पोलो विमानतळ मुख्य भूमीवर आहे. रेल्वेचा पूल १८४६ सालचा, मोटारींचा १९३३ सालचा, आणि मोटारींचा रस्ता पियात्साले रोमापाशी संपतो, म्हणजे संपतोच. पुढं पाणी आणि पाय. एक नंबरची बोट मोठ्या कालव्यातून जवळपास प्रत्येक धक्क्याला थांबत जाते. सान मार्कोला पोचायला पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास जगातल्या सुंदर पाऊण तासांपैकी एक आहे. धक्क्यावर उतरलं की मात्र पूल. प्रत्येक पुलाला पायऱ्या चढून उतरायच्या, आणि तिथं बॅगेच्या चाकांचा काही उपयोग नाही. भाच्यानं मावशीला सांगितलं, "घरातल्या जिन्यानं भरलेली बॅग तू एकटी दोन मजले वर नेऊन दाखव. जेवढी नेशील तेवढीच बॅग." मावशीनं नेली. पहिल्या मजल्यावर थांबून दोन साड्या आणि मिक्सरचं लहान भांडं बाहेर काढलं.

तिनं विचारलं, रोमला पोचल्या दिवशीच संध्याकाळी गाडी पकडून फ्लॉरेन्सला गेलं तर? दीड तासाचा तर प्रवास. गाड्या उत्तम आहेत, ताशी अडीचशे किलोमीटरनं धावतात. पण महिनाभर आधी काढलेलं स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीचं असतं. विमानाला दोन तास उशीर झाला की ते पाण्यात. त्यात कधी 'शोपेरो' म्हणजे संप. इटलीत संप आधी जाहीर करावा लागतो. १९९० च्या कायद्यानं अत्यावश्यक सेवांना नियम घालून दिले आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. निघण्याआधी आठवडाभर तेवढं पाहून घ्यावं. भाड्याची मोटार घेऊन त्याच दिवशी निघणं तर नकोच. जुन्या शहरांच्या गाभ्यात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना मनाई असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी नाशिकच्या पत्त्यावर येतं.

कलोसियम दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. फोरम त्याच्यासोबत गेलं. पहिल्या ओळीत उरलं ते : १.२० विमान टेकेल. ५ खोली. मग अंघोळ. मग चालता येईल तेवढं.

मे महिन्यात ते दोघं गेले तेव्हा घडलं ते थोडंफार असंच. खोलीत पोचायला सव्वापाच झाले. गल्लीतल्या काळ्या दगडी चिऱ्यांवर बॅगांची चाकं अशी खडखडली की वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. आंघोळ करून खाली आले तर भूक कडकडून लागलेली आणि खानावळींच्या दारांवर खुर्च्या उलट्या टाकलेल्या. दुपारचं जेवण अडीचपर्यंत उरकतं आणि रात्रीची चूल साडेसातच्या आसपास पेटते. मधल्या वेळेला उपयोगी पडतो तो तुकड्यानं विकला जाणारा पिझ्झा. काचेमागं हातभर लांब आयताकृती ताटं असतात. विकणारा ताटावर सुरी आडवी धरतो आणि भुवया उंचावतो : एवढा? मावशीनं बोटांनी 'आणखी थोडा' दाखवलं, सुरी दोन बोटं सरकली. मग कात्री. कातरलेला तुकडा वजनकाट्यावर, मग कागदात, दुमडून. नुसता टोमॅटो, तेल आणि मीठ. काकांनी उभ्या उभ्या खाल्ला आणि दुसरा मागितला.

पाण्याची बाटली विकत घ्यायला मावशी निघाली होती. भाच्यानं सांगितलेलं तिला कोपऱ्यावर दिसलं : बिडाचा, छातीच्या खाली येईल एवढ्या उंचीचा खांब, त्याला बाकदार नळी. रोममध्ये याला 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. १८७४ पासून हे नळ बसवायला सुरुवात झाली, आता शहरभर सुमारे अडीच हजार आहेत. तोटी नाही, पाणी अखंड वाहतं, झऱ्याचं, पिण्याचं. नळीच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटानं दाबलं की त्या भोकातून पाण्याची कमान वर उडते आणि ओणवं न होता पिता येतं. मावशीनं बोट जरा जास्तच दाबलं. पाणी उडालं ते थेट चष्म्यावर. थंडगार. शेजारी उभी असलेली एक शाळकरी मुलगी खळखळून हसली आणि तिनं स्वतःचं बोट ठेवून कसं दाबायचं ते दाखवलं.

चौकात दगडी बाक होता, त्यावर दोघं टेकले. उजेड अजून पुष्कळ होता. लोक फिरायला बाहेर पडलेले, म्हातारे हातात हात घालून, पोरं चेंडू घेऊन. कुठल्याशा चर्चच्या घंटेनं सातचे ठोके दिले. मावशीच्या मनगटावर साडेदहा वाजले होते, घड्याळ अजून नाशकातच होतं. तिनं त्याची किल्ली नखानं ओढली आणि काटे मागं फिरवायला घेतले. बहिणीला फोन करायचा राहिला होता. शेजारी काकांची मान छातीवर कलली होती. कोपऱ्यावरचा नळ वाहत होता, आणि ती मुलगी आता धाकट्या भावाला उचलून त्या कमानीपाशी धरत होती.